.५०० बोअरची जुनी दुनळी रायफल: काळ्या दारूची काडतुसे कशी भरत, आणि आज काय करावे?

प्रश्न | बालाघाट_वाडा (अंबाजोगाई)

सर्व जाणकारांस नमस्कार. आमच्या घरी पणजोबांपासून चालत आलेली एक इंग्रजी दुनळी रायफल आहे. निजामी अमलातला उर्दू परवाना, मग आजोबांच्या नावाचा आणि आता वडिलांच्या नावाचा, असे कागद व्यवस्थित आहेत. रायफलीचे घोडे बाहेरच्या बाजूस असून नळ्या मोडून उघडल्या की त्यांच्या बुडाच्या सपाट भागावर .५००, ३ इंच, आणि १३६ व ४४० असे आकडे कोरलेले दिसतात. सोबत कातडी पेटीत पितळेची काडतुसे आहेत. त्यांतली काही रिकामी आणि काही भरलेली असून भरलेल्यांपैकी काहींच्या बुडाशी हिरवट गंज आला आहे.

माझे प्रश्न असे. ही काडतुसे त्या काळी नेमकी कशी भरत? याच मापाची नवी काडतुसे मिळाली तर ती चालतील का? एका विक्रेत्याने ‘माप तेच आहे, बिनधास्त चालवा’ असे सांगितले, पण मनाला पटले नाही. आणि रिकामी पितळे पुन्हा भरून एखाद्या रेंजवर दोन बार काढता येतील का?

उत्तर | जुनी_हत्यारे (नांदेड)

विक्रेत्याचे म्हणणे आपणास पटले नाही हे उत्तम झाले, म्हणून आधी तेच घेतो. .५०० बोअरचे तीन इंची काळ्या दारूचे ‘एक्सप्रेस’ काडतूस आणि पुढच्या काळातले .५०० ‘नायट्रो एक्सप्रेस’ यांचे पितळ एकाच मापाचे आहे. कॉर्डाइट ही धूरविरहित दारू १८८९ साली आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कारखानदारांनी जुन्याच पितळात ती भरून नवी, फार जोरदार काडतुसे काढली. त्यामुळे नवे काडतूस आपल्या रायफलीत अगदी सहज बसेल, नळी बंदही होईल, आणि धोका नेमका तिथेच आहे. नायट्रोची गोळी ५७० ग्रेनची (ग्रेन हे दारू-गोळीच्या वजनाचे छोटे इंग्रजी माप) असून ती सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाने सुटते; तो दाब सोसण्यासाठी आपली नळी आणि तिची कुलपे बनवलेलीच नाहीत. मापाने बसणे आणि दाबाला टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोरलेल्या आकड्यांचा अर्थ असा की १३६ ग्रेन काळी दारू, म्हणजे जवळपास ८.८ ग्रॅम, आणि ४४० ग्रेनची, म्हणजे साधारण २८.५ ग्रॅमची शिशाची गोळी. तुलनेसाठी सांगतो, त्याच काळातल्या इंग्रजी सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. एक्सप्रेसची कल्पनाच ही होती की दारू भरपूर आणि गोळी बेताच्या वजनाची ठेवायची, म्हणजे वेग वाढतो, गोळीचा मार्ग सरळ राहतो आणि जनावराच्या अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा हलत नाही.

भरणीत महत्त्वाची गोष्ट ही की काळ्या दारूच्या काडतुसात पोकळी राहता कामा नये. टोपीपासून (काडतुसाच्या बुडातली, घोडा पडताच पेटणारी) गोळीच्या बुडापर्यंत दारू सलग आणि किंचित दाबलेली हवी. मध्ये रिकामी जागा राहिली तर दाबाची लाट तिथे आपटून नळीला आतून कडे पडते किंवा नळी फुगते. म्हणून जुने कारागीर दारू लांब नळकांड्यातून हळूहळू सोडत, म्हणजे दाणे आपोआप घट्ट बसत. मग पुठ्ठ्याची चकती, त्यावर मेण व चरबी यांच्या मिश्रणाची चकती, पुन्हा पुठ्ठा आणि शेवटी गोळी. पहिला पुठ्ठा विसरला तर मराठवाड्यातल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात चरबी वितळून दारूत मुरते आणि बार मंद होतो किंवा काडतूस फुसके निघते. मधली चरबी नुसती गोळी सरकण्यासाठी नसते. ती नळीतली काजळी मऊ ठेवते, नाहीतर आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती दगडासारखी घट्ट बसते.

दाण्याचा आकारही ठरावीक असे. मोठे दाणे सावकाश जळतात आणि बारीक दाणे झपाट्याने, म्हणून वजन तेच ठेवून दाणा बदलला तरी दाब बदलतो. ठासणीच्या बंदुकीची बारीक दारू एक्सप्रेसच्या पितळात भरणे हा त्या काळीही अडाणीपणाच समजला जाई.

आता दुनळीची खरी खुबी. या दोन नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात. उजवी नळी उडताना धक्क्याने हत्यार उजवीकडे व वर फिरते, आणि गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ते फिरणे सुरू झालेले असते. कारागीर नेमून दिलेल्या एकाच भरणीने बार काढून, नळ्यांमधली पाचर सरकवून, नळ्या जोडणारा झाळकामाचा डाग पुन्हा तापवून, दोन्ही गोळ्या एकाच जागी पडेपर्यंत हे जुळवत असे. गोळी मंद गेली तर ती उशिरा बाहेर पडते, तोवर तोंड जास्त फिरलेले असते आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून फाकतात. वेगाने गेली तर लवकर सुटते आणि गोळ्या एकमेकींना छेदून जातात. म्हणूनच नळीवरचे १३६ आणि ४४० हे आकडे म्हणजे त्या रायफलीच्या घडणीचाच भाग आहेत. ‘थोडी कमी दारू घालून पाहू’ हा सुरक्षित वाटणारा उपाय पोकळीही निर्माण करतो आणि नेमही बिघडवतो.

उत्तर | वकील_काका (छत्रपती संभाजीनगर)

वरील सविस्तर माहितीस कायद्याची बाजू जोडतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. हत्यार बाळगण्याच्या परवान्यात हा अधिकार येत नाही, त्यामुळे घरी बसून रिकामी पितळे भरणे योग्य नाही. दारू बाळगण्यास स्फोटकांचा कायदाही लागू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे आज शिकारीचा तर प्रश्नच उरला नाही. जुने हत्यार म्हणून परवान्यातून आपोआप सूट मिळते असाही एक समज दिसतो, परंतु ती सूट दुरुस्तीनेही चालू होऊ शकणार नाहीत अशा हत्यारांपुरती आहे.

वडिलांचे वय झाले असेल तर वारसाच्या नावे परवाना घेण्याची प्रक्रिया त्यांच्या हयातीतच करावी. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार २५ वर्षे बाळगले असेल तर तशी सोय आहे. अंबाजोगाईसाठी अर्ज बीडच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच हत्यारे ठेवता येतात, हेही घरातल्या इतर बंदुका मोजताना ध्यानात असू द्या.

प्रश्नकर्ता | बालाघाट_वाडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बार काढण्याचा विचार सोडला. मात्र गंजलेली भरलेली काडतुसे उघडून दारू काढून टाकावी का, आणि हत्यार नीट कसे राखावे, एवढे सांगावे.

उत्तर | जुनी_हत्यारे (नांदेड)

काडतुसे घरी मुळीच उघडू नका. हिरवा गंज म्हणजे पितळ झिजत असल्याची खूण आहे, आणि जुन्या टोप्यांत पाऱ्याचे संयुग असे, बार उडाल्यावर तो पारा पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो, त्यामुळे पुन्हा भरलेले पितळ आधीच कमकुवत असू शकते. चिमटा लावताना पितळ तडकले तर टोपीवर कुठे ताण येईल याचा भरवसा नाही. काळ्या दारूबाबत लोकांचा एक गैरसमज असा की ती शंभर वर्षांत निकामी होते. कोरडी राहिली असेल तर ती आजही तितकीच पेट घेते. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी पोच घेऊन जमा करावीत. रिकाम्या पितळांच्या बुडावरील अक्षरांची छायाचित्रे काढून ठेवा, रायफलीचा इतिहास शोधताना ती उपयोगी पडतील.

राखणीचे म्हणाल तर काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो आणि ही राख हवेतला ओलावा ओढते. पूर्वी शिकारीनंतर त्याच रात्री नळ्यांत गरम पाणी ओतून, गजाला फडके गुंडाळून त्या कोरड्या करीत व मग तेल लावीत. नुसत्या तेलाने ही राख विरघळत नाही. आपल्या रायफलीत पणजोबांच्या काळची राख आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) कोपऱ्यात बसलेली असण्याची शक्यता आहे. परवानाधारक कारागिराकडून एकदा नळ्या धुऊन, खड्डे पडले आहेत का ते तपासून घ्यावे. लोखंडी व पोलादी पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या असतील तर त्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. ती घासून चकचकीत करण्याचा कुणी आग्रह धरला तर नकार द्यावा, कारण नक्षीही जाते आणि हत्याराची किंमतही. मृग लागण्याआधी हलके तेल लावावे. कातडी पेटीत मात्र ठेवू नये. कातडे ओलावा धरून ठेवते.