मदत हवी आहे: दीड एकर उतार, पाणी जेमतेम, टाकी आधी की कुंपण की घर?

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफी. दीड एकर जमीन घेऊन 14 महिने झाले. आम्ही दोघं, दोन पोरं, आणि डोक्यात भूत की भाजी, पाणी, वीज होईल तेवढं तिथलंच वापरायचं. व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलंय कारण प्रत्येकजण आपल्या सोयीच्या जागेपासून सुरू करतो, कुणी म्हणतं आधी झाडं लावा, कुणी म्हणतं आधी घर बांधा, आणि मला नेमका क्रमच कळत नाहीये.

'आधी झाडं' ऐकून काय झालं ते सांगते. पहिल्याच पावसात उत्साहाच्या भरात 60 रोपं लावली, कुंपण नाही, आमची फेरी पंधरा दिवसांतून एकदा. निम्मी मोकाट जनावरांनी फस्त केली, बाकीच्यांतली बरीचशी उन्हाने गेली. आज 11 जिवंत आहेत आणि त्यातली 7 गळक्या नळाच्या आसपासची (नळ आता मुद्दाम दुरुस्त करत नाहीये).

जमीन उताराची, वर वीतभर माती, खाली मुरूम. बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवलं तर वाळू लगेच तळाला बसली, सगळ्यात वरचा चिकणमातीचा थर अगदी नखाएवढा. म्हणजे ओल टिकणार नाही, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि कंपोस्ट यावरच सगळी भिस्त.

आता पाणी. बोअर आहे, उताराच्या खालच्या टोकाला. ऐन उन्हाळ्यात घड्याळ आणि 200 लिटरचा ड्रम घेऊन बसले होते. तीन ड्रम पटापट भरले, चौथ्याला धार बारीक झाली आणि मग नुसती हवा. सहा तास थांबून परत मोटर लावली तर एकच ड्रम. म्हणजे दिवसाला फार तर 800 लिटर, तेही या वर्षीचं. घराला माणशी 50 धरले तर 200 लिटर गेले, उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यांना दिवसाला 5 मिमी पाणी धरलं तर 100 चौरस मीटरला 500 लागतात, संपलं की. झाडांना काय, भांड्यांचं पाणी?

म्हणून छपराचं पाणी साठवायचं म्हणतोय. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर, छप्पर 80 चौरस मीटरचं होईल, 700 मिमी पाऊस आणि 20 टक्के वाया धरला तरी 45 हजार लिटरच्या आसपास. ऐकायला भारी वाटतं, पण ते सगळं साठवायचं तर 5 बाय 3 मीटरची 3 मीटर खोल टाकी हवी, म्हणजे जमिनीखाली अख्खी खोली झाली! एवढी मोठी कुणी बांधलीय का, की छोटी बांधून बाकीचं पाणी समतल चरांत (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) मुरवलेलं बरं?

आणि खरा गुंता इथे आहे. घर वर बांधलं तर टाकी वर येते. पाण्याची पारदर्शक नळी धरून मापलं तर वर-खाली 7 मीटरचा फरक आहे, म्हणजे तळाशी साधारण 0.7 बार दाब, ठिबक आपोआप चालेल. शिवाय दिवसा सोलरवर पंप चालवून वरची टाकी भरून ठेवली की रात्री पंपासाठी बॅटरी नको. सगळं छान, पण घर वर म्हणजे संडासही वर आणि बोअर खाली. शोषखड्ड्याचं पाणी मुरमातून झिरपत कुठे जाणार हे सांगायला नको. दोन खणांचं कोरडं संडास वाचलंय, वरून राख किंवा भुसा टाकायचा, एक खण भरला की वर्षभर बंद ठेवायचा, पण लहान पोरांना घेऊन कुणी खरंच वापरलंय का? वास, माश्या, पाहुणे, सगळं स्पष्ट लिहा, लाजू नका.

धान्य पिकवायचा नाद सोडला. चौघांच्या निम्म्या कॅलरी धान्यातून म्हटल्या तरी वर्षाला सव्वाचारशे किलो होतं, या मातीत आणि एवढ्या पाण्यात जमणार नाही. कोंबड्यांचंही तेच, एक कोंबडी दिवसाला 110-120 ग्रॅम खाते, सहा जणींना वर्षाला अडीचशे किलो खाद्य लागणार. स्वावलंबी कोंबडी बहुतेक फक्त व्हिडिओत असते. शेळीचं नाव तर त्या 11 झाडांसमोर काढणारच नाही.

नवऱ्याला नोकरी सोडून लगेच तिकडे जायचंय. माझं म्हणणं, या वर्षी फक्त कुंपण, टाकी आणि राहण्यापुरती शेड करू, दर आठवड्याला जाऊ, एक अख्खा उन्हाळा तिथे राहून बघू, मग घर. तो म्हणतो तिथे माणूस नसेल तर कुंपण असूनही झाडं मरणारच, आणि गळक्या नळाकडे बघितलं की मलाही ते पटतं, हाच वांधा आहे. तुमच्यापैकी कुणी आधी जाऊन राहिलं आणि मग बांधलं असेल तर पहिले सहा महिने कसे काढले ते लिहा.

बाकी उत्तरं सावकाश द्या, पण पुढच्या आठवड्यात जेसीबीवाला येतोय आणि त्याला टाकीचा खड्डा कुठे घ्यायचा ते सांगायचंय. वर की खाली, तेवढं तरी लवकर सांगा.