सामायिक इंटरप्ट लाइनवरील हँडलरची तपासणी: कोड वाचताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: रात्रपाळी

नमस्कार. आमच्या गटात एका डेटा-संकलन कार्डासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिला गेला असून त्याची तपासणी माझ्याकडे आली आहे. ॲप्लिकेशन पातळीवरचा सी कोड मी पुष्कळ तपासला आहे, परंतु कर्नलमधील इंटरप्टचा (उपकरण प्रोसेसरला देते त्या इशाऱ्याचा) भाग प्रथमच हाती घेतो आहे. कार्ड जुन्या धाटणीचे पीसीआय आहे, त्यात एमएसआयची (लाइनऐवजी संदेशाने इंटरप्ट पाठवण्याची) सोय नाही, त्यामुळे इंटरप्ट लाइन इतर उपकरणांबरोबर वाटून घ्यावी लागते. सेकंदाला सुमारे १००० इंटरप्ट येतात.

हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन, प्रथम स्टेटस रजिस्टर वाचतो. ‘डेटा तयार’ हा बिट लागलेला असेल, तर केमॅलॉक या मेमरी देणाऱ्या कर्नल फंक्शनला जीएफपी-कर्नल हा ध्वज देऊन बफर घेतो, फिफो (कार्डावरील नमुन्यांची रांग) रिकामा होईपर्यंत त्यातील शब्द वाचतो, स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) घेऊन बफर यादीला जोडतो, वाट पाहत असलेल्या प्रोसेसला उठवतो आणि शेवटी तोच बिट स्टेटस रजिस्टरमध्ये लिहून कार्डाला पोच देतो. बिट लागलेला असो वा नसो, परत करतो ते आयआरक्यू-हँडल्ड (‘इंटरप्ट माझा होता’) हेच मूल्य. रीड फंक्शन तोच लॉक साध्या स्पिन-लॉकने घेते.

लेखकाने हा ड्रायव्हर तीन दिवस अखंड चालवला आणि एकही नमुना चुकला नाही, असे तो सांगतो. वाचताना मलाही तर्क सरळ वाटतो, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटते. अशा कोडची तपासणी जाणकार मंडळी कोठून सुरू करतात?

उत्तर: खिळेपाटी

आपण हँडलर वरून खाली वाचला आहे, आणि तसा वाचला तर तो सरळच दिसणार. इंटरप्टचा कोड वाचताना प्रत्येक ओळीवर थांबून ‘या क्षणी दुसरे काय चालू असू शकते?’ असे विचारावे लागते. आपण दिलेल्या वर्णनातच मला तीन ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण केमॅलॉकचे. जीएफपी-कर्नल याचा अर्थ ‘मेमरी कमी असल्यास मी झोपायला तयार आहे’, आणि इंटरप्ट हँडलरला झोपण्याची, म्हणजे थांबून प्रोसेसर दुसऱ्याला देण्याची, मुभा नाही. तीन दिवस काही झाले नाही, कारण चाचणीच्या यंत्रात मोकळी मेमरी भरपूर होती आणि झोपण्याची वेळच आली नाही. कर्नल डीबग-ॲटॉमिक-स्लीप हा पर्याय लावून बांधा. प्रत्यक्ष झोपण्याची वाट न पाहता पहिल्याच इंटरप्टला तक्रार लॉगमध्ये उमटेल. त्याऐवजी न झोपणारा जीएफपी-ॲटॉमिक लिहिल्याने तक्रार बंद होईल, परंतु मग ‘मेमरी मिळाली नाही तर काय?’ याचे उत्तर द्यावे लागेल. माझे मत विचाराल, तर प्रोबमध्येच (ड्रायव्हर कार्डाला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बफरांचा एक संच घेऊन ठेवावा आणि हँडलरला मेमरी मागायलाच लावू नये.

दुसरे ठिकाण लॉकचे. रीड फंक्शनने लॉक धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर तोच लॉक मिळण्याची वाट पाहत फिरत राहील. ज्याने तो सोडायचा ते रीड फंक्शन मात्र हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही. तो कोअर तेथेच अडकला. चाचणीत हे दिसले नाही, याचे कारण बहुधा इतकेच, की इंटरप्ट एका कोअरवर येत होता आणि वाचणारी प्रोसेस दुसऱ्यावर चालत होती. रीडमध्ये, लॉक धरलेला असेपर्यंत त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवणारे स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह हवे; हँडलरमधील साधा लॉक तसाच राहू द्यावा. कर्नलचा लॉक-तपासनीस लॉकडेप चालू ठेवल्यास हा दोष प्रत्यक्ष अडकण्याआधीच कळतो, कारण कोणता लॉक कोणत्या परिस्थितीत घेतला गेला याची तो नोंद ठेवतो.

तिसरे ठिकाण क्रमाचे. फिफो आधी रिकामा करून पोच नंतर दिली, तर शेवटचा शब्द वाचल्यानंतर आणि पोच लिहिण्यापूर्वी आलेल्या नव्या नमुन्याचा बिटही त्या पोचेबरोबर पुसला जातो. नमुना फिफोमध्ये असतो, पण तो आल्याचे कोणी सांगत नाही. पोच आधी, उपसा नंतर. तसे केल्याने क्वचित एखादा रिकामा इंटरप्ट येईल, पण त्याने काही बिघडत नाही.

प्रोब आणि (ड्रायव्हर उतरवताना चालणारे) रिमूव्ह ही फंक्शने आपण सांगितलेली नाहीत. सामायिक लाइनवर हँडलरची नोंदणी करणारे रिक्वेस्ट-आयआरक्यू यशस्वी झाल्याच्या पुढच्याच क्षणी, आपले कार्ड गप्प असतानाही, शेजारच्या उपकरणाच्या इंटरप्टमुळे आपला हँडलर बोलावला जाऊ शकतो. म्हणून लॉक, प्रतीक्षा-रांग आणि रजिस्टरांचे मॅपिंग त्याआधी तयार असले पाहिजे. उतरताना नेमके उलट करावे: आधी कार्डाचा इंटरप्ट बंद करावा, मग ती नोंदणी काढणारे फ्री-आयआरक्यू बोलवावे (चालू असलेला हँडलर संपेपर्यंत ते थांबते), आणि त्यानंतरच मॅपिंग सोडावे. इंटरप्ट डेव्हएम प्रकाराने (कर्नलने आपोआप सोडावा अशा रीतीने) घेतला असेल आणि मेमरी मात्र रिमूव्हमध्ये हाताने सोडली जात असेल, तर तो इंटरप्ट रिमूव्ह परतल्यानंतर सुटतो. मधल्या फटीत हँडलर सोडलेल्या मेमरीत हात घालू शकतो.

उत्तर: मंदगती

खिळेपाटी यांनी परत येणाऱ्या मूल्याचा मुद्दा सोडला आहे. माझ्या दृष्टीने तोच सर्वांत घातक आहे.

सामायिक लाइनवर कर्नल प्रत्येक हँडलरला विचारतो, की हा इंटरप्ट तुझा होता काय. कोणीच होकार दिला नाही, तर तो इंटरप्ट बेवारस म्हणून मोजला जातो. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, की कर्नल लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश लिहून ती लाइन बंद करतो. त्या लाइनवरचे इतर उपकरण यात भरडले जाते खरे, पण यंत्र तरी शुद्धीवर राहते. आपला हँडलर मात्र बिट लागलेला नसतानाही ‘माझाच होता’ असे सांगतो. उद्या शेजारच्या उपकरणाने लाइन दाबून धरली, तर कर्नलचा हा पहारेकरी जागाच होणार नाही आणि यंत्र त्या एका लाइनच्या फेऱ्यांत बुडून जाईल. बिट नसेल तर आयआरक्यू-नन (‘माझा नव्हता’). यात तडजोड नाही.

आणखी एक. कार्ड निखळले किंवा त्याची वीज गेली, तर रजिस्टर वाचताना सर्व बिट १ येतात. म्हणजे ‘डेटा तयार’ही लागलेला आणि फिफोही कधीच रिकामा न होणारा! हे मूल्य वेगळे ओळखून परत फिरावे, आणि उपशाच्या लूपला फिफोच्या खोलीइतकी मर्यादा घालावी.

उत्तर: नवापॅच

हे सर्व थ्रेडेड इंटरप्टमध्ये (हँडलरचे काम वेगळ्या कर्नल थ्रेडवर करण्याच्या सोयीत) हलवले तर सोपे होणार नाही काय? २००९ साली २.६.३० आवृत्तीपासून ती सोय आहे आणि थ्रेडमध्ये झोपताही येते. प्राथमिक हँडलर न देता आयआरक्यूएफ-वनशॉट लावले, की झाले.

उत्तर: खिळेपाटी

लाइन स्वतंत्र असती तर मी हेच सुचवले असते. आय-टू-सी बसवरील सेन्सरला तर दुसरा मार्गच नसतो, कारण तेथे रजिस्टर वाचतानाच झोपावे लागते. येथे मात्र वनशॉट लावल्यास थ्रेड संपेपर्यंत संपूर्ण लाइन झाकलेली, म्हणजे बंद, राहते आणि शेजारी तितका वेळ खोळंबतो. शिवाय लाइन वाटून घेणाऱ्यांचे या ध्वजाबाबत एकमत नसेल, तर नोंदणीच नाकारली जाऊ शकते. थ्रेड हवाच असेल, तर लहानसा प्राथमिक हँडलर द्यावा: त्याने स्टेटस पाहावे, कार्डावरचा इंटरप्ट झाकावा आणि आयआरक्यू-वेक-थ्रेड परत करावे. थ्रेडने काम संपवून तो पुन्हा उघडावा. सेकंदाला १००० वेळा काही डझन शब्द उपसण्यासाठी मला याची गरज वाटत नाही.

रात्रपाळी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. लेखकाला शेजारी बसवून एकेक बदल केला, आणि पहिल्याच बदलाने आम्हाला चकित केले.

बिट नसेल तेव्हा आयआरक्यू-नन परत करायला लावले आणि ३० सेकंद चालवून कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रोक’मधील त्या लाइनच्या ‘स्प्युरियस’ फाइलमध्ये पाहिले. एकूण इंटरप्ट ६०,००० च्या आसपास, त्यांतील बेवारस सुमारे ३०,०००. माझ्या यंत्रात ही लाइन अन्य कोणी वापरत नाही. म्हणजे प्रत्येक खऱ्या इंटरप्टमागे एक खोटा येत होता, आणि सरसकट होकारामुळे तो इतके दिवस झाकला गेला होता. निम्मेच बेवारस असल्यामुळे ‘नोबडी केअर्ड’ची पाळी आली नाही.

उत्तर: मंदगती

पोचेचे लेखन वाटेत रेंगाळत आहे. पीसीआयवर प्रोसेसर लिहून मोकळा होतो, पण ते लेखन कार्डापर्यंत पोहोचायला वेळ लागतो; तेवढ्यात हँडलर संपतो, लाइन अजून दाबलेलीच असते आणि तो पुन्हा बोलावला जातो. दुसऱ्या खेपेचे स्टेटस-वाचन रखडलेल्या लेखनाला पुढे ढकलते, म्हणून तेव्हा बिट शून्य दिसतो. पोच लिहिल्यावर लगेच तेच रजिस्टर एकदा वाचून टाका. आणि त्या ओळीवर टिप्पणी अवश्य लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी ‘वाचलेले मूल्य वापरलेले नाही’ म्हणून ती उडवील.

रात्रपाळी (प्रश्नकर्ता)

पोच उपशाच्या आधी घेतली आणि तिच्यामागे ते वाचन घातले. ३० सेकंदांत सुमारे ३०,००० इंटरप्ट, बेवारस शून्य. टिप्पणीही लिहिली आहे.

रिमूव्हमध्ये मॅपिंग आधी सोडून फ्री-आयआरक्यू नंतर बोलावले जात होते. डीबग-एसएचआयआरक्यू लावून बांधलेल्या कर्नलवर ड्रायव्हर उतरवला तेव्हा फ्री-आयआरक्यूने हँडलर मुद्दाम एकदा बोलावला आणि पहिल्याच खेपेस ऊप्स (कर्नलने नोंदवलेली गंभीर चूक) आला. तो क्रमही आता उलटा केला आहे. लेखकाने बफरांचा संच प्रोबमध्ये घेण्याचे मान्य केले आहे. संच संपल्यास सर्वांत जुना नमुना टाकायचा की नवा, यावर आमचे अद्याप जमलेले नाही, म्हणून तूर्त टाकलेल्या नमुन्यांची मोजणी तेवढी वापरणाऱ्याला दिसेल अशी ठेवली आहे.