मदत हवी आहे: पहिल्या वर्षाचा वर्ग लिमिटिंग रीएजंटवर अडकलाय, हातात तीन आठवडे

खडूफळा (धागाकर्ती)
पहिल्या वर्षाला जनरल केमिस्ट्री शिकवते. पहिल्या चाचणीत लिमिटिंग रीएजंटच्या (अभिक्रियेत आधी संपणारं, म्हणून उत्पादन किती होईल ते ठरवणारं अभिकारक) प्रश्नावर निम्म्याहून जास्त वर्ग आपटला. भाग पुन्हा शिकवला, फळ्यावर आणखी सहा उदाहरणं सोडवली, वीस गणितांचा सरावसंच दिला. परवा आकडे बदलून तसाच प्रश्न घातला तर पुन्हा तेच. पुढच्या चाचणीत द्रावणांची संहती आहे, म्हणजे हे कच्चं राहिलं तर तेही जाणार. भेटीच्या वेळेत कोणी फिरकत नाही. एखाददुसरा येतो तो "मला केमिस्ट्री जमतच नाही" एवढंच बोलून गप्प बसतो.
नेमकं काय करू ते सांगा. "विषयाची गोडी लावा" असले सल्ले कृपया नकोत, वेळ नाही.

अवक्षेप
प्रश्न आकड्यांसकट इथे टाका. वर्ग किती जणांचा? उत्तर लिहून काढायचं होतं की पर्याय निवडायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांनी चुकीचं उत्तर काय काढलं? त्याशिवाय औषध सांगता येणार नाही.

ज्वलनबिंदू
तक्ता शिकवा, बाकी काही लागत नाही. समजा नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया: N₂ + 3H₂ → 2NH₃. समीकरणाखाली तीन ओळी: आधी, बदल, नंतर. सगळे आकडे मोलमध्ये (मोल म्हणजे कणांचा ठरावीक संख्येचा गठ्ठा), ग्रॅमला तक्त्यात प्रवेश नाही. नायट्रोजन १, हायड्रोजन ५, अमोनिया ० अशी "आधी"ची ओळ. "बदल" ही ओळ नेहमी समीकरणातल्या गुणकांच्याच (रेणूंच्या आधी लिहिलेल्या आकड्यांच्या) प्रमाणात: उणे १, उणे ३, अधिक २. "नंतर" ०, २, २. एखादा आकडा उणे आला की चुकीचं अभिकारक संपवलंय हे मुलाला आपोआप दिसतं. हाच तक्ता पुढे समतोलाला वापरायचा असतो, त्यामुळे श्रम वाया जात नाहीत.

काचनळी
तक्त्याची गरज नाही. एककांची साखळी दोनदा चालवायची: एकदा पहिल्या अभिकारकापासून उत्पादनापर्यंत, एकदा दुसऱ्यापासून. ज्याने कमी उत्पादन मिळतं ते लिमिटिंग. ग्रॅम ते मोल, मोल ते मोल, मोल ते ग्रॅम. एकक कापलं गेलं नाही तर चूक तिथेच सापडते.

ज्वलनबिंदू
@काचनळी, साखळीने उत्तर बरोबर येतं हे मान्य. पण काय उरलं, किती उरलं हे विचारलं की तिसरी साखळी लागते आणि तिथे मुलं हमखास घसरतात. शिवाय एककं नीट कापली गेली म्हणजे भांड्यात काय घडलं ते समजलं असं होत नाही.

लिटमस
सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वजन करून थेट ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) मानू देऊ नका. ते हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं. आधी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने प्रमाणित करून घ्या: डायहायड्रेट १.५७६ ग्रॅम २५० मिलिलिटरमध्ये म्हणजे ०.०५ मोलर. त्याचे १० मिलिलिटर घेतले तर ०.१ मोलर अल्कली १० मिलिलिटरच्या आसपास लागते. शंकूपात्र फक्त पाण्याने विसळायचं, ब्युरेट मात्र त्यात भरायच्या द्रावणानेच.

खडूफळा
@लिटमस, प्रॅक्टिकलबद्दल विचारलेलं नाही.
@अवक्षेप, वर्ग ११० जणांचा. उत्तर लिहून काढायचं होतं. प्रश्न: २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजनपासून जास्तीत जास्त किती ग्रॅम अमोनिया? परवा दिलेल्यात २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन. चुकीची उत्तरं वेगवेगळी आहेत, वर्गवारी केलेली नाही. ग्रॅमचे मोल मात्र जवळपास सगळ्यांनी बरोबर काढलेत, म्हणून तर कळत नाही की अडतं कुठे.

अवक्षेप
वर्गवारी करा, सगळं त्यातच आहे. तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले तर आयती तपासणी होते.
पहिला प्रश्न: नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन ५ मोल. बरोबर उत्तर ३४ ग्रॅम, हायड्रोजन ४ ग्रॅम उरतो. इथे गुणक न पाहता "ज्याचे मोल कमी ते लिमिटिंग" असं धरणाऱ्यालाही ३४ च मिळतात! तो मुलगा पूर्ण गुण घेऊन गेला आणि त्याला काहीच येत नाही. "ज्याचे ग्रॅम कमी" असं धरणारा हायड्रोजन संपवतो आणि ५६.७ ग्रॅम लिहितो.
दुसरा प्रश्न: नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन २ मोल. बरोबर उत्तर २२.७ ग्रॅम. आता उलटं होतं. ग्रॅमवाला चुकीच्या वाटेने बरोबर पोचतो, मोलवाला ३४ लिहितो.
म्हणजे पहिला बरोबर आणि दुसरा चूक असलेल्याने गुणक सोडलेत. पहिला चूक आणि दुसरा बरोबर असलेला ग्रॅमची तुलना करतोय. दोघांना एकच सरावसंच दिला तर दोघंही आपापली चूक वीस वेळा घोटतात. सराव वाढवूनही फरक पडला नाही तो यामुळे.

ज्वलनबिंदू
उत्तम. पण दोन प्रश्नांऐवजी एकच असा घाला की दोन्ही चोरवाटा बंद होतील. ५४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि १७०.४ ग्रॅम क्लोरीन. अ‍ॅल्युमिनियमचे ग्रॅमही कमी आणि मोलही कमी (२ विरुद्ध २.४), तरी संपतो क्लोरीन, कारण २ मोल अ‍ॅल्युमिनियमला ३ मोल क्लोरीन लागतो. क्लोराइड २१३.६ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम १०.८ ग्रॅम उरतं.

अवक्षेप
परीक्षेला हा प्रश्न छान. निदानाला नाही, कारण दोन्ही चुकांचं उत्तर २६७ ग्रॅम असं एकच येतं. कोण चुकलं ते कळेल, कशाने चुकलं ते कळणार नाही.
एक गोष्ट मात्र तिन्ही प्रश्नांत समान आहे, आणि ही सवय मुलांना लावाच. चुकीची उत्तरं एकूण वस्तुमानापेक्षा मोठी आहेत: ३८ ग्रॅम घालून ५६.७, ३२ घालून ३४, २२४.४ घालून २६७. "भांड्यात घातलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं का?" ही एक ओळ प्रत्येक उत्तराखाली लिहायला लावा आणि तिला एक गुण ठेवा. गुण नसेल तर कोणी लिहिणार नाही.

काचनळी
त्यापेक्षा डोळ्यांना दाखवा. चार शंकूपात्रांत प्रत्येकी ५० मिलिलिटर १ मोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, तोंडाला फुगे, फुग्यांत खाण्याचा सोडा १.४, २.८, ४.२ आणि ५.६ ग्रॅम. एकाच वेळी ओता. ४.२ ग्रॅमलाच अ‍ॅसिड संपतं, म्हणून तिसरा आणि चौथा फुगा सारखाच फुगतो, साधारण सव्वा लिटर. फुगे आधी ताणून घ्या, नाहीतर रबराचा ताठपणा पहिल्या फुग्यात फरक पाडतो.

अवक्षेप
प्रयोग सुबक आहे, पण या अभिक्रियेत प्रमाण एकास एक. गुणक सोडणाऱ्याची चूक इथे उघडीच पडत नाही.

काचनळी
मग खाण्याच्या सोड्याऐवजी निर्जल सोडियम कार्बोनेट घ्या, एकास दोन होईल.

शंकूपात्र
नको. कार्बोनेट जास्त झालं की ते कार्बन डायऑक्साइड परत शोषून बायकार्बोनेट बनवतं. फुगा आधी फुगून मग बसायला लागेल आणि लिमिटिंग रीएजंट शिकवता शिकवता आम्ल-आम्लारी समतोलावर घसराल.
मॅग्नेशियमची फीत आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घ्या. तीन पात्रांत प्रत्येकी १०० मिलिलिटर ०.५ मोलर अ‍ॅसिड, म्हणजे ०.०५ मोल. एक मोल मॅग्नेशियमला दोन मोल अ‍ॅसिड लागतं. फीत ०.३०, ०.६१ आणि ०.९१ ग्रॅम. दुसरा आणि तिसरा फुगा सारखा, सुमारे ०.६ लिटर. तिसऱ्यात मॅग्नेशियमचे मोल ०.०३७, अ‍ॅसिडचे ०.०५. मोल मॅग्नेशियमचे कमी, तरी तळाशी उरलंय तेच! हे दृश्य मुलं विसरत नाहीत.
५० मिलिलिटर १ मोलर घेऊ नका. मोल तेवढेच, पण तापमान पन्नास अंशांहून जास्त चढतं. १०० मध्ये वाढ निम्मी राहते. भुकटी अजिबात नको, फीतच. फुग्यात हायड्रोजन आहे, जवळ ज्योत नको, खोली हवेशीर हवी, गॉगल सगळ्यांना. तुलना पात्रं गार झाल्यावरच करा, गरम वायू फुगा उगाच मोठा दाखवतो. आणि ओतण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या. अंदाज न लिहिता पाहिलेला प्रयोग नुसता तमाशा होतो.

निळेआकाश
मुळात मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंइतके कण, ही व्याख्या मुलांकडून पक्की करून घेतली तर पुढचं सोपं जातं.

लिटमस
ती व्याख्या आता नाही. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण. कार्बन-१२ चं मोलर वस्तुमान आता मोजायची राशी आहे, व्याख्येने ठरलेली नाही.

निळेआकाश
पहिल्या वर्षाच्या गणितात त्याने दशांशाच्या कुठल्याही स्थळावर फरक पडत नाही.

लिटमस
गणितात नाही, शिकवण्यात पडतो. "ठरावीक संख्येचा गठ्ठा" ही कल्पना नव्या व्याख्येत सरळ येते. जुन्या व्याख्येत मूल पुन्हा ग्रॅमकडेच वळतं, आणि या वर्गाचं दुखणं तेच आहे.

खडूफळा
व्याख्येचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या ना.
साठ पेपर चाळले. अवक्षेप म्हणाले तसंच आहे. पहिला बरोबर आणि दुसरा चूक अशांचा गठ्ठा सगळ्यात जाड. ग्रॅमवाले थोडेच. पण तिसरा एक गट निघाला: यांनी गुणक घेतलाय, पण उलटा लावलाय. हायड्रोजनचे मोल तीनने भागायच्या जागी गुणलेत. यांना तक्ता द्यायचा की साखळी?

अवक्षेप
दोन्ही नंतर. आधी चित्र काढायला लावा. एका चौकटीत नायट्रोजनचे ३ आणि हायड्रोजनचे ६ रेणू. "अभिक्रिया पूर्ण झाल्यावरची चौकट काढा." बरोबर चित्रात अमोनियाचे ४ रेणू आणि नायट्रोजनचा १ उरलेला. सहा हायड्रोजन अणू एकमेकांना चिकटवून काढले असतील तर त्या मुलाला गुणक आणि पादांक (चिन्हाच्या पायाशी लिहिलेला आकडा) यांतला फरकच कळलेला नाही, आणि असे तुमच्या तिसऱ्या गटात बरेच निघतील.
हे जुनं दुखणं आहे. गणित सुटतं पण कणांचं चित्र काढता येत नाही, हे नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. स्कॉटलंडचे अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये त्याचं कारण मांडलं: डोळ्यांना दिसतं ते, कणांच्या पातळीवर घडतं ते आणि चिन्हांत लिहितो ते, अशा तीन पातळ्यांवर आपण एकाच वाक्यात उड्या मारतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, नवख्याला मात्र तिन्ही एकदम पेलत नाहीत. फळ्यावरची तुमची सहा उदाहरणं बहुधा सगळी चिन्हांच्या पातळीवरची असणार.

काचनळी
११० चित्रं तपासणार कोण?

अवक्षेप
तपासायची नाहीत. चार तयार चित्रं पडद्यावर दाखवा, त्यांत तीन नेहमीच्या चुका. प्रत्येकाने आधी एकट्याने एक निवडायचं. बरोबर निवडणारे ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. ३० च्या खाली असतील तर चर्चेत अडाणीपणाच पसरतो, तेव्हा आधी स्वतः समजावून द्या. एरिक माझुर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राला बसवलेली पद्धत, रसायनाला तशीच्या तशी चालते.

साधीसोपी
भेटीच्या वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. खडूफळा मॅडम, तुम्ही एकट्याच आहात की मदतनीस आहेत? आणि मुलांना बोलावता कसं?

खडूफळा
दोन मदतनीस आहेत, लिहायचं राहिलं. पेपरवर "येऊन भेटा" असा शेरा मारते.

साधीसोपी
तो शेरा मुलांना शिक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी नेमका निरोप पाठवा: "मंगळवारी २ वाजून १० मिनिटांनी, पंधरा मिनिटं. पेपर आण. तिसऱ्या प्रश्नातली दुसरी पायरी बघू." वेळ तुम्ही ठरवा, बदलून घ्यायची मुभा त्याला द्या. "कधीही या" म्हटलं की कोणी येत नाही.
अडलेले साठ धरले, तर एकाच प्रकारची चूक करणाऱ्या तिघांचा गट याप्रमाणे वीस भेटी, पंधरा मिनिटांच्या, एकूण पाच तास. तुम्ही तिघं आहात, प्रत्येकी दोन तासही लागत नाहीत.
भेटीत तुम्ही खडू हातात घ्यायचा नाही. कोरा कागद द्या, तोच प्रश्न पुन्हा सोडवायला सांगा, आणि पेन थांबलं की "आता कशाचा विचार करतोयस?" एवढंच विचारा. मग थांबा. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि बरी येतात, हे मेरी बड रो यांनी मोजून दाखवलंय. "जमतच नाही" म्हणणाऱ्याला धीराची वाक्यं नकोत, त्याने बरोबर केलेली शेवटची पायरी बोटाने दाखवा. "इथपर्यंत तुझं बरोबर आहे, पुढची एक ओळ चुकली." याने तो हलका होतो.

ज्वलनबिंदू
आणि अभ्यास कसा करतो हेही विचारा. सोडवलेली गणितं वाचून "समजलं" म्हणणारेच जास्त असतात.

साधीसोपी
हो, पण "कसा करतोस" असं मोघम नको, "मेहनत करतो" असंच उत्तर येतं. विचारा: "सरावसंचातलं सातवं गणित करताना उत्तर किती वेळाने पाहिलंस?" उत्तर पाहिल्यावर वही मिटून ते पुन्हा पहिल्यापासून सोडवलं का? लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत सॉन्ड्रा मॅग्वायर पहिल्या परीक्षेनंतर रसायनाच्या वर्गात अभ्यास कसा करावा यावरच पन्नास मिनिटांचं एक लेक्चर घेत. आधी नाही, नंतर. गुण हातात पडल्यावरच मुलं हे ऐकतात, आणि तुमचा वर्ग आत्ता नेमका तिथेच आहे.

काचनळी
सरावसंच अर्धा करा. वीसऐवजी आठ गणितं, आणि त्यांतल्या तीन गणितांत मुद्दाम चुकीची सोडवणूक छापून "चूक शोधा".

खडूफळा
हे करते. सोमवारी चौकटींची चित्रं, बुधवारी मॅग्नेशियम, भेटींचे निरोप आज रात्रीच टाकते. एक शंका: गुणक उलटा लावणारे आणि गुणक सोडणारे एकाच भेटीत बसवले तर चालेल?

अवक्षेप
नको. सोडणाऱ्याला आठवण करून दिली की तो लगेच सुधारतो आणि उलटा लावणाऱ्याला ते बघून आपलंही झालं असं वाटतं. उलटा लावणाऱ्यांना वेगळं बसवा आणि एकच गोष्ट विचारा: हायड्रोजनचे ६ रेणू असतील तर नायट्रोजनचे किती लागतील? आकडा तोंडी बरोबर आला की मगच कागदावर भागाकार लिहू द्या.