अनुभव धागा: चार इयत्ता, एक खोली

कोकणातील एखाद्या वाडीवरच्या एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत ज्यांचे प्राथमिक शिक्षण झाले, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. एकाच खोलीत चार इयत्ता प्रत्यक्षात शिकत कशा, याविषयी विशेष उत्सुकता आहे.

राजापूर तालुका:
आमची शाळा जांभ्या चिऱ्यांची, मंगळुरी कौलांची. वडील तिला अखेरपर्यंत स्कूल बोर्डाची (जिल्हा परिषदेआधी प्राथमिक शाळा चालवणाऱ्या मंडळाची) शाळा म्हणत, कारण १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्यांचे शिक्षण आटोपले होते. पहिली-दुसरीला पाटीवर अक्षरे गिरवायला देऊन गुरुजी तिसरीचे गणित घेत आणि त्याच वेळी चौथीतील एखादा मुलगा धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेई. वरच्या वर्गाच्या कविता सतत कानांवर पडत असल्याने आपले पुस्तक हाती येण्याआधीच त्यातील निम्म्या पाठ झालेल्या असत. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेही मला अशीच ऐकून आली. मात्र या पद्धतीचे सरसकट कौतुक मला करवत नाही. ज्यांना ऐकून उमजे त्यांचे निभावले. ज्याला जोडाक्षरे अडत, तो त्या कलकलाटात मागे पडला आणि चौथीनंतर गुरे राखू लागला.

गुहागर तालुका:
दर शनिवारी आम्ही मुली वर्गाची जमीन शेणाने सारवत असू आणि मुलगे विहिरीवरून पाणी आणत. शेणात हात घालण्याचे काम मुलग्यांकडे कधीच का आले नाही, हे कोणी विचारले नाही. आषाढात लावणी सुरू झाली की मोठी मुले शेतात जात, आणि पऱ्याला (ओढ्याला) पाणी चढून साकव, म्हणजे त्यावरचा छोटा पूल, बुडाला की पलीकडच्या वाडीची मुले येत नसत. त्या दिवसांत पट कागदावरच राही.

देवगड तालुका:
१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून काही कुटुंबे गावी परतली आणि आमच्या शाळेचा पट अचानक वाढला. नव्या मुलांचे वाचन आमच्यापेक्षा सफाईदार होते. डोक्यावर इरले (पावसापासून बचावाचे पानांचे आच्छादन) सांभाळून बांधावरून चालणे मात्र त्यांना आम्ही शिकवले. तोपर्यंत वाडीतील बायकांची मुंबईला जाणारी पत्रे चौथीची मुले लिहून देत. संपानंतर त्या पत्रांतील पहिला प्रश्न मनीऑर्डरीचा नसे, गिरणीचा भोंगा पुन्हा वाजणार का, हा असे.

दापोली तालुका, निवृत्त शिक्षिका:
राजापूरच्या लेखकांचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर मी केलेला उपाय असा, की श्रुतलेखनाला तिसरी-चौथीला एकच उतारा घ्यायचा, तिसरीने पहिली तीन-चार वाक्ये लिहून थांबायचे आणि चौथी पुढे लिहीत असताना तिसरीच्या पाट्या तपासून घ्यायच्या. वाचनात अडणारी मुले मी माझ्या टेबलाशेजारी बसवीत असे, त्यामुळे इयत्ता कोणतीही असली तरी त्यांचे बोट कोणत्या ओळीवर आहे ते दिसे.