खाडीकाठची भोकं मोजताना रॅम संपते

ऐरोलीकर: ठाणे खाडीच्या तिवरांमधल्या मोकळ्या जागा शोधायच्यात. २०,००० जीपीएस बिंदू रिप्सरला (बिंदूंच्या पसाऱ्यातली भोकं शोधणारा प्रोग्राम) दिले, मॅक्सडिम (किती मितींपर्यंतची भोकं शोधायची) २. १६ जीबी रॅम संपते.

घणसोली: नकाशा सपाट, मग २ कशाला? सपाट भोकं एच१ मध्येच (मिती १ ची, कड्याने वेढलेली भोकं) दिसतात, मॅक्सडिम १ ठेवा. तरी अंतरांची सारणीच ३.२ जीबी खाते. त्यापेक्षा गुढी (हो, पाडव्यासारखंच नाव) या अशाच कामाच्या लायब्ररीतलं अल्फा कॉम्प्लेक्स वापरा. ते डेलॉने त्रिकोणांवर (शेजारशेजारचे बिंदू जोडून होणारे) चालतं, एवढे बिंदू किरकोळ.

कळवा नाका: आधी अक्षांश-रेखांशाचे मीटर करा, यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) पट्टा ४३ उत्तर. इथे रेखांशाचा अंश सुमारे १०५ किमी, अक्षांशाचा १११, आकार बिघडतो.

ऐरोलीकर: चाललं! एक भोक ९०० ला बुजतं. म्हणजे ९०० मीटर?

घणसोली: नाही हो, तो बिंदूंभोवती वाढत जाणाऱ्या वर्तुळांच्या त्रिज्येचा वर्ग. वर्गमूळ घ्या, ३० मीटर. रिप्समध्ये (रिप्सरची पद्धत) मात्र बिंदूंमधलं अंतर येतं. दोन्ही आकडे शेजारी मांडू नका.