मदत हवी आहे: टेम्प्लेटमध्ये *पी वरून मूळ टाइप कसा काढायचा?

सी++१७ (सी++ भाषेची २०१७ ची आवृत्ती). कोणताही पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा, इथे नाव पी) घेणाऱ्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे अनेक टाइपना चालणाऱ्या कोडमध्ये, तो ज्याकडे दाखवतो त्या टाइपचा व्हेक्टर (यादी) बनवायचाय. डिक्लटाइप(*पी), म्हणजे *पी चा टाइप सांगणारं, चालत नाही: *पी हे एलव्हॅल्यू (मेमरीत जागा असलेलं), त्यामुळे इंट* दिला की इंट& (इंटचा रेफरन्स) निघतो आणि रेफरन्सचा व्हेक्टर होत नाही. रिमूव्ह_रेफरन्स लावलं, तर कॉन्स्ट इंट* ला कॉन्स्ट उरतो आणि पुन्हा एरर. त्याच्या बाहेरून रिमूव्ह_सीव्ही (कॉन्स्ट, व्होलाटाइल काढणारं) लावलं की जमतं. आतून लावलं तर रेफरन्सवर परिणाम शून्य, यातच बराच वेळ गेला. दोन्ही एकदम करणारं रिमूव्ह_सीव्हीरेफ सी++२० चं, ते वापरता येत नाही.

युनिक_पीटीआर (लायब्ररीतला स्मार्ट पॉइंटर) चालायला हवाच आणि तो इटरेटर नाही, म्हणून इटरेटर_ट्रेट्स (इटरेटरच्या टाइपची माहिती देणारं) बाद. पॉइंटर_ट्रेट्स (पॉइंटरसाठीचं तसंच साधन) चा एलिमेंट_टाइप बरा वाटतो, पण आमच्या पॉइंटर क्लासमध्ये तो मेंबर नाही आणि पहिलं टेम्प्लेट आर्ग्युमेंट अलोकेटर (मेमरी देणारा क्लास) आहे; मेंबर नसला की पहिलं आर्ग्युमेंटच घेतलं जातं, त्यामुळे अलोकेटरच हाती येतो. क्लास बदलता येत नाही. त्याच्यासाठी पॉइंटर_ट्रेट्सचं स्पेशलायझेशन (खास त्या क्लासपुरती वेगळी व्याख्या) लिहावं, की डिक्लटाइपवरच राहावं?