मुलं, गेममधल्या स्किन्स आणि पैसे: तुमच्या घरचे अनुभव सांगा

शलाका
काल फोटो शोधायला जुनी हार्ड डिस्क उघडली तर त्यात धाकट्या भावाचं एक फोल्डर निघालं. 'शर्ट', 'शर्ट नवा', 'शर्ट नवा खरा' अशी नावं. रोब्लॉक्स ह्या ऑनलाइन गेममधल्या बाहुल्यांचे शर्ट! तो सातवीत असतानाचे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, ५८५ बाय ५५९ पिक्सेलचं एक चित्र असतं, त्यात शर्ट उसवून सपाट पसरल्यासारखा दिसतो, वर छाती, पाठ आणि कुशी, खाली दोन्ही बाह्यांचे तुकडे, आणि मुलं त्यावर रंगवतात. ह्याने छातीवरून एक लाल पट्टा काढलेला, तो बाहीवर बरोब्बर त्याच उंचीवर यायला हवा, एक पिक्सेल जरी सरकला तरी अंगावर चढवल्यावर तुटका दिसतो. मग मला हाका, "ताई, बघ ना गं, जोड दिसतोय का?" घरात सगळे म्हणायचे खोट्या बाहुल्यांचे कसले कपडे शिवतोय, डोळे जातील. आणि ज्या दिवशी कुणीतरी अनोळखी मुलाने तो शर्ट खरंच विकत घेतला त्या दिवशी हा घरभर नाचला होता. मिळाले किती, तर पाच-सहा रोबक्स (रोब्लॉक्समधलं चलन) असतील.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आता माझा लेक नऊ वर्षांचा आहे आणि रोज स्किनसाठी, म्हणजे गेममधल्या पात्राच्या नव्या पोशाखासाठी, हट्ट चालू आहे. मला मनापासून वाटतं की विकत घेणाऱ्या मुलाला आणि बनवणाऱ्या मुलाला एकच गोष्ट हवी असते, चारचौघांनी आपल्याकडे वळून बघावं. पण घरातले मोठे त्यात फक्त पैसे गेले की आले एवढंच बघतात. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, खर्चाचंही आणि कमाईचंही.

मोरपीस
आमच्याकडे 'डिफॉल्ट' प्रकरण. फोर्टनाइटमध्ये फुकट मिळणारा साधा पोशाख घालून खेळलं की बाकीची पोरं डिफॉल्ट म्हणून चिडवतात. मुलगा हेडफोन काढून ठेवून नुसता बसला होता, जेवायलाही येईना. मी आधी म्हटलं अरे खेळायला काय फरक पडतो, गोळी तर तशीच लागते ना. तर म्हणाला "आई, मला टीममध्येच घेत नाहीत." मग विषयच संपला, घेऊन दिली एक स्किन. पण खरा ताप पुढे आहे, तिथलं दुकान रोज बदलतं त्यामुळे रोज "आज नाही घेतलं तर उद्या जाईल" हे सुरू. मोठ्या माणसालाही घाई होईल अशी रचना आहे, दहा वर्षांच्या पोराने काय करायचं?

रात्रपाळी
पासवर्ड लावा आधी सगळ्यांनी. प्रत्येक खरेदीला विचारेल असा. पूर्वी ॲपलच्या स्टोअरमध्ये एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं परत विचारायचाच नाही, आईबाबांनी एक फुकट ॲप टाकून दिलं की मुलं त्या १५ मिनिटांत काय काय घेऊन मोकळी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये किमान ३.२५ कोटी डॉलर पालकांना परत करायला लावले त्यांना. आणि फोर्टनाइटवाल्या एपिकला डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलर भरावे लागले, त्यातले २४.५ कोटी नकळत झालेल्या खरेद्यांचे. गेम स्लीपमधून उठवताना, लोडिंग चालू असताना, किंवा नुसतं बघायचं म्हणून शेजारचं बटण दाबलं तरी पैसे कापले जायचे असं कमिशनचं म्हणणं होतं. तेव्हा पोरांवर चिडायच्या आधी बटणं कुठे लावलीत तेही बघा.

केतकीची आई
रात्रपाळी, हे वाचून बरं वाटलं हो. आमच्याकडे वेगळाच गेम, नाव लिहीत नाही. कार्ड सेव्ह झालेलं आणि लेकीला गेममधली विकतची रत्नं म्हणजे खरे पैसे हे माहीतच नव्हतं, तिला वाटलं गेममध्ये जमवलेलीच वापरतोय, कारण दोन्ही एकाच पिशवीत दिसतात आणि खर्च करताना कुठेही पैशांचा आकडा येत नाही. आम्ही बँकेकडे तक्रार केली, पैसे परत आले पण गेमवाल्यांनी तिचं खातंच बंद केलं. त्यात तिने दोन वर्षं खेळून, एक पैसा न देता मिळवलेलं सगळं होतं. तिचं छोटं घर, मांजर, सगळं गेलं. पैसे मिळाल्याचा आनंद आम्हाला, आणि ती मात्र उशीत तोंड खुपसून.

शलाका
अगं बाई गं. मांजर पण? तिला एक घट्ट मिठी माझ्याकडून.

मोरपीस
हे एपिकच्याही प्रकरणात होतं ना? बँकेत तक्रार केली की खातं लॉक.

रात्रपाळी
हो, तोही एक आरोप होताच.

आबा
नमस्कार मंडळी. नातवाने वाढदिवसाला गेमचं गिफ्ट कार्ड मागितलं तेव्हा मी म्हटलं देतो, पण शेजारी बसवून दाखव काय घेतोस ते. तासभर बसलो. त्याने काय काय दाखवलं, टोप्या, पंख, पाठीवरच्या तलवारी. मग म्हणाला आबा तुमचं पण एक खातं काढू. पांढरे केस शोधले, गोल चष्मा शोधला, माझ्यासारखा ढगळ स्वेटर सापडेना तर हिरमुसला. शेवटी निम्म्याहून जास्त पैसे त्याने माझ्या बाहुल्यावरच खर्च केले, स्वतःला एक साधी टोपी घेतली. आता रविवारी आम्ही दोघं तिथे फिरतो. मला उडी नीट मारता येत नाही म्हणून तो मागे थांबतो. गुडघे चांगले असते तर खऱ्या बागेत पळालो असतो म्हणा. गुडघ्यांसाठी कुणाला काही चांगला व्यायाम माहीत असेल तर जरूर सांगा.

पानगळ
आबा, खुर्चीत बसून पाय सरळ करून थोडा वेळ धरायचा, माझ्या सासऱ्यांना फिजिओने तोच दिलाय. पण आधी डॉक्टरांना विचारा.

निरंजन
मी ह्यातून कमावलंय, सोळा-सतराचा असताना. काउंटर-स्ट्राइक ह्या गोळीबाराच्या गेममधल्या स्किन्स. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ह्या स्किन्स, म्हणजे बंदुकांचे रंग, आले गेममध्ये आणि तिथून बाजारच उभा राहिला. प्रत्येक स्किनला एक फ्लोट आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला, जितका कमी तितके ओरखडे कमी. माझं काम काय, तर एकाच नावाच्या, एकाच भावाला लावलेल्या स्किन्स उघडून बघायच्या, एखादी कमी फ्लोटवाली कुणाच्या लक्षात न येता पडलेली असेल तर उचलायची, आणि ज्याला त्याची कदर आहे त्याला जास्त भावाने द्यायची. तासन् तास बंदुकीच्या दस्त्यावरचे ओरखडे झूम करून बघत बसायचो. स्टीमच्या, म्हणजे हा गेम जिथून घेतात त्या ऑनलाइन दुकानाच्या, बाजारात विकलं की १५ टक्के कापले जातात आणि उरलेले स्टीमच्याच वॉलेटमध्ये राहतात, बँकेत येत नाहीत, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं पोरगा लखपती झाला. मी त्यातून गेम्सच घेतले सगळे, घरी मागितले नाहीत.

मात्र केस, म्हणजे आत कुठली स्किन निघेल ते माहीत नसलेले बंद पेटारे, उघडण्याच्या वाटेला मी गेलो नाही. त्यात किल्ली विकत घ्यायची, मग समोरून स्किन्सची पट्टी सरसर जाते आणि हळू होत होत चांगल्या वस्तूच्या अगदी एक घर पुढे थांबते. माझ्या वर्गातली दोन मुलं त्यात पार वाहवली. बेल्जियमने २०१८ मध्ये असले पेटारे जुगारात धरले ते उगाच नाही. आणि जपून ठेवलेल्या वस्तूचंही खरं नाही, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पाच लाल (दुर्मिळ दर्जाच्या) स्किन्स देऊन चाकू मिळायची सोय कंपनीने केली आणि चाकूंचे भाव रातोरात कोसळले. भाव ठरवणारा एकच मालक, त्याच्या मनात येईल तेव्हा तो नियम बदलणार. पोरांना हे सांगा प्लीज, "गुंतवणूक" म्हणून घेतायत ती.

गणिताच्या बाई
शाळेत शिकवते. वहीची मागची पानं बघा मुलांच्या. आमच्या सहावीतला एक मुलगा वर्गमित्रांसाठी पेन्सिलने पोशाख काढून द्यायचा, कागदावर, त्यात रकाने पाडून पुढून कसा मागून कसा, आणि मग ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे तो ते रंगवायचा. दोघांची भागीदारी! नफा कसा वाटायचा ह्यावर भांडण झालं तेव्हा माझ्याकडे आले. चित्र काढणाऱ्याला किती, रंगवणाऱ्याला किती, आणि शर्ट टाकायला १० रोबक्स लागतात ते कोणाचे. मी अपूर्णांकांचा पूर्ण तास त्यावरच घेतला, इतकं लक्ष देऊन कधीच ऐकलं नव्हतं कुणी. पण उधारीही बघितली आहे, "मला स्किन घेऊन दे, मी नंतर देतो" म्हणून एक मुलगी दुसरीची दप्तरात लपून बसायला लागली... म्हणजे तिला टाळायला लागली हो, घाईत लिहितेय, पुढचा तास आहे.

पानगळ
दप्तरात लपून बसली 😂 बाई, दिवस बनवलात!

सोनटक्का
माझी मुलगी चौदाची, ब्लेंडर नावाच्या 3D सॉफ्टवेअरमध्ये डोक्यावरचे केस बनवते. रोब्लॉक्समधल्या अवतारांचे, म्हणजे बाहुल्यांचे केस. एका वेणीवर आठवडाच्या आठवडा जातो. अर्धा भाग करून आरसा लावल्यासारखी दुसरी बाजू आपोआप येते म्हणे, पण मग दोन्ही बाजू फार सारख्या दिसतात म्हणून ती मुद्दाम एक बट मोकळी सोडते. हे तिला कुणी शिकवलं नाही. विकले गेले की रोबक्स काही दिवस अडकून राहतात आणि मग जमा होतात. खरे पैसे करायचे तर वय किमान १३ हवं आणि कमावलेले ३०,००० रोबक्स साठावे लागतात, नुसते विकत घेतलेले चालत नाहीत. आमची त्याच्या जवळपासही नाही अजून. तिला त्याचं फारसं पडलेलंही नाही, परवा कुठल्या तरी गेममध्ये एक अनोळखी मुलगी तिची वेणी घालून समोरून गेली तर किंचाळलीच.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका मुलाने ऑर्डर देऊन काम करून घेतलं, तीनदा बदल सांगितले, फाईल घेतली आणि ब्लॉक. तोही तेवढाच असेल वयाने. ती रडली नाही, पण त्यानंतर अर्धे आधी घेतल्याशिवाय काम सुरू करत नाही.

शलाका
सोनटक्का, मोकळी बट!! अगदी माझ्या भावाचा लाल पट्टा. शाबास आहे पोरीची.

निरंजन
अर्धे आधी हा नियम एकदम बरोबर. आणि फाईल शेवटी द्यायची, तोवर फक्त स्क्रीनशॉट.

धुकं
पुतण्याचं गेमचं खातं गेलं मागच्या महिन्यात. फुकट वस्तू देतो म्हणून "मित्राने" ब्राउझरमधून काहीतरी कॉपी करून पाठवायला सांगितलं, लांबलचक अक्षरं, आणि ह्याने पाठवली. पासवर्ड दिलाच नव्हता तरी दहा मिनिटांत सगळं रिकामं. तीन वर्षांच्या टोप्या. वहिनी म्हणतात टोप्याच ना, जाऊ दे. त्याला ते जास्त लागलं.

रात्रपाळी
ती कुकी असते, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची ब्राउझरमधली खूण. ज्याच्याकडे ती आहे त्याला पासवर्ड लागतच नाही, साइटला वाटतं तुम्हीच बसलाय. पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा लगेच, टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारं) चालू करा, मग सपोर्टला लिहा. आणि वहिनींना सांगा की नेदरलँड्समध्ये एका १३ वर्षांच्या मुलाला मारहाण करून, धमकावून दोन मुलांनी रूनस्केप ह्या गेममधला त्याचा ताईत आणि मुखवटा काढून घेतला होता, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती चोरीच ठरवली. गेममधली वस्तू असली तरी त्याने वेळ आणि कष्ट घालून मिळवलेली होती.

धुकं
हे आत्ताच वाचून दाखवलं त्याला. "म्हणजे माझी पण चोरीच ना काका?" म्हणाला. हो म्हटलं. सपोर्टला लिहायला बसलोय दोघं.

हायवे
२०२१ मध्ये रोब्लॉक्सवर गुची ह्या महागड्या ब्रँडची, नुसती गेममधली, बॅग एकाने साडेतीन लाख रोबक्सना घेतली, म्हणजे ४,००० डॉलरच्या वर, खरी बॅग ३,४०० ची. मला अजून पचत नाही.

सोनटक्का
माझी लेक म्हणते त्या बॅगेपेक्षा तिच्या वेणीला जास्त मेहनत आहे. 😊

मोरपीस
सोनटक्काताई, ब्लेंडर साध्या लॅपटॉपवर चालतं का? मुलाला दाखवलं तुमचं लिहिलेलं, त्याला स्वतःचा पोशाख बनवायचाय आता.

सोनटक्का
चालतं, फुकट आहे. फक्त माउस घ्या, मधलं चाक दाबता येईल असा, टचपॅडवर मॉडेल फिरवताना हात दुखतात. आणि पहिल्यांदा केस नको, टोपी करू दे. टोपी सोपी.

शलाका
किंवा शर्ट! टेम्प्लेट माझ्याकडे आहेत, पाठवते. भावाला विचारून.